गॅरकचा हिशोब अपुरा आहे

सायन्स फिक्शनमधल्या हेरगिरीचा विषय निघाला की स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाईन मालिकेतल्या 'इन द पेल मूनलाइट'चं नाव येतंच. १९९८चा एपिसोड. फेडरेशन, म्हणजे सिस्कोची बाजू, डोमिनियन ह्या शत्रू साम्राज्याविरुद्धचं युद्ध हरत चाललंय, दर शुक्रवारी भिंतीवर मेलेल्यांची यादी लागते, आणि रोम्युलन ही तिसरी सत्ता मात्र डोमिनियनशी करार करून गप्प बसलेत. त्यांना युद्धात ओढायचं म्हणून कॅप्टन सिस्को गॅरकला गाठतो, जो दिसायला शिंपी पण आतून जुना मुरलेला हेर, आणि मग गाडी घसरतच जाते. खरा पुरावा मिळेना म्हणून खोटं रेकॉर्डिंग बनवायचं, त्यासाठी क्लिंगन तुरुंगात मरणाची वाट बघत बसलेल्या टोलारला सोडवून आणायचं, त्याने बारवाल्या क्वार्कला भोसकलं की क्वार्कला लाच देऊन गप्प करायचं. रोम्युलन सिनेटर व्रीनॅकला रेकॉर्डिंग खोटं असल्याचं कळतं तेव्हा गॅरक त्याचं यानच उडवतो आणि टोलारचाही काटा काढतो. रेकॉर्डिंगमधले दोष आता स्फोटाच्या नावावर खपतात आणि रोम्युलन युद्धात उतरतात.

मग गॅरक सिस्कोला हिशोब ऐकवतो, एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा आत्मसन्मान, एवढ्यात अख्खा क्वाड्रंट, म्हणजे आकाशगंगेचा पाव भाग, वाचला म्हणजे स्वस्तातच पडलं. हे बरोबर की चूक ह्यावर लोक तासन् तास भांडतात, पण मुळात हा हिशोब पुरा कुठे आहे? त्या खोट्यापायी लढायला गेलेले रोम्युलन सैनिक ह्यात कुठेयत, त्यांना कुणी विचारलं होतं? आणि रेकॉर्डिंगसाठी लागणाऱ्या डेटा रॉडच्या बदल्यात दिलेलं ते ८५ लिटर बायोमिमेटिक जेल! त्यापासून जैविक शस्त्रं बनू शकतात म्हणून डॉक्टर बशीर लेखी ऑर्डर मागतो, आणि सिस्को ती देतो. शेवटी तो स्वतःचा लॉग पुसतो, पण जेल तर कुणाच्या तरी हातात पडलंच ना, त्याबद्दल एपिसोड चकार शब्द काढत नाही. कॅमेरा सिस्कोच्या चेहऱ्यावर, त्यामुळे आपली हळहळही त्याच्याच वाट्याला.

म्हणून मला स्टार वॉर्सची अँडॉर ही मालिका जास्त प्रामाणिक वाटते. तिथे बंडखोरांचा हेरप्रमुख लूथेन हा क्रीगर नावाच्या बंडखोराला आणि त्याच्या ३० माणसांना सापळ्यात जाऊ देतो, कारण त्यांना सावध केलं तर आयएसबीमध्ये, म्हणजे साम्राज्याच्या गुप्तचर खात्यात, पेरलेला लॉनी उघडा पडेल. पण लॉनीला मुलगी झालीये, त्याला ह्यातून सुटायचंय, आणि हे सगळं तो लूथेनच्या तोंडावर बोलतो, म्हणजे निदान किंमत मोजणाऱ्याला तोंड तरी दिलंय. त्या सीनमधलं लूथेनचं भाषण सगळे शेअर करतात, मी मात्र दरवेळी लॉनीकडे बघते. २०२५च्या सीझनमध्ये तो डेथ स्टार ह्या साम्राज्याच्या महाशस्त्राची बातमी आणून देतो, बदल्यात बायको-मुलीसकट सुरक्षित बाहेर काढा म्हणतो, आणि लूथेन त्याला बाकावरच संपवतो. लूथेनचा नाइलाज मला कळतो, खरंच कळतो. पण लॉनीच्या बायकोला कोण जाऊन काय सांगणार होतं, तो सीन मला हवा होता.