चिकूच्या सुक्या फोडी: घरगुती धंद्याची आतापर्यंतची नोंद

या हंगामात एक गोष्ट पक्की केली. कच्च्या केळ्यांचे वेफर्स विक्रीतून काढले आणि सगळा जोर चिकूच्या सुक्या फोडींवर लावला. वेफर्स बिघडत होते असं नाही, घरची मंडळी अजून मागतात. पण मुंबईत नाक्या-नाक्यावर किसणीवरून थेट कढईत पडणारे गरम वेफर्स मिळतात. त्या भावाशी बोरिवलीतल्या दोन बर्नरच्या ओट्यावरून कोण झुंजणार? शिवाय तळणीचं तेल. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून खराब होताना तयार होणारी संयुगं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. घरगुती प्रमाणात तो नीट पाळायचा तर नफा तेलातच जिरतो.

पण खरं कारण हवा. आपल्याकडची दमट हवा कुरकुरीत पदार्थाची वैरीण. जूनमध्ये पाकीट फोडलं की चहा संपेपर्यंत वेफर्स सादळलेले. चिकूची फोड जात्याच चिवट-मऊ, खजुराच्या वळणाची. तिच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षाच नाही, त्यामुळे पाकीट उघडल्यावर थोडी हवा लागली तरी गिऱ्हाईक तक्रार करत नाही. मुंबईत राहून खाऊ विकायचा तर आधी हवेशी जमवून घेणारा पदार्थ निवडावा, चवीचा विचार त्यानंतर, असं माझं ठाम मत झालंय.

चिकू डहाणू-घोलवडचा, कालीपत्ती जातीचा. याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू रोडपर्यंत लोकल 2013 पासून जाते, घोलवड त्याच्या पुढचं स्टेशन, तिथे लोकल नाही. म्हणजे डहाणूला उतरून पुढची सोय बघायची. वाशीच्या फळबाजारातही माल मिळतो, पण वाडीवरून घेतला की सगळा एकाच तोडणीचा असतो, तो साधारण एकदमच पिकतो. वाळवणाऱ्याला हे भावापेक्षा महत्त्वाचं. एका ट्रेमध्ये कमी-जास्त पिकलेले चिकू आले की निम्म्या फोडी वाळून कोळसा आणि निम्म्या अजून ओल्या.

वाडीवरच्या दादांनी निवडायची खूण दाखवली. "ताई, दाबून काय कळतंय? नखाने जरा खरवडा." साल खरवडल्यावर खाली हिरवं दिसलं तर चिकू कोवळा, पिवळसर दिसलं तर तयार. कोवळा घरी आणून कितीही झाकून ठेवा, गोडी येत नाही आणि चीक राहतो. सुरी चिकटते, फोड वाळली की तुरट लागते. (च्युइंगगम मुळात याच झाडाच्या चिकापासून करायचे, हे सुरी धुताना पटतं.) उलट फार पिकलेल्याचा शिरा होतो. मला हवा तो मधला: देठाजवळ किंचित दबणारा, पण सुरीखाली धार धरणारा.

आता वाळवणी. आगाशीची सुकेळी उन्हात होतात, राजेळी केळी मांडवावर वाळत घालतात, आणि ती पद्धत मला मनापासून आवडते. पण आमच्या इमारतीच्या गच्चीवर कबुतरं आणि समोरच्या बांधकामाची धूळ. विकायचा माल तिथे ठेवायचा नाही. म्हणून थर्मोस्टॅटवाला 500 वॅटचा ड्रायर. फोडी सहा-सात मिलिमीटर जाड, तापमान 55 ते 60 अंश. घाई करून 70 वर नेलं तर बाहेरून कातडं धरतं आणि आतली ओल आतच अडकते. अशी फोड हाताला वाळलेली लागते आणि पाकिटात बुरशी धरते.

"वाळली का?" हे बोटाने ठरवणं मी सोडलंय. वजनाने ठरवते. पिकलेल्या चिकूच्या गरात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे ट्रेवर 1000 ग्रॅम फोडी टाकल्या तर त्यात कोरडा भाग 250 ग्रॅमच्या आसपास. तयार मालात 15 टक्के ओल ठेवायची तर 250 ला 0.85 ने भागायचं: 294 ग्रॅम. काटा 290 च्या घरात आला की ट्रे बाहेर. मधे ट्रे वर-खाली बदलायचे, कारण पंख्याजवळचा नेहमी पुढे धावतो. वजनकाट्याने माझा सगळ्यात मोठा ताप वाचवला.

तरी थेट पाकिटात नाही. गार झालेल्या फोडी काचेच्या बरणीत पाऊण भरून आठवडाभर ठेवते, रोज एकदा हलवते. ओल्या फोडींची ओल कोरड्यांत वाटली जाते. बरणीच्या आतून बाष्प दिसलं तर सगळा घाणा पुन्हा ड्रायरमध्ये.

पाकिटासाठी पारदर्शक पाऊच दिसायला छान, पण मी ॲल्युमिनियमच्या थराचा घेतला. उजेड आणि दमटपणा दोन्ही अडतात. आत सिलिका जेल टाकत नाही, ते फोडी कडक करतं. त्याऐवजी ऑक्सिजन शोषणारी पुडी.

कागदपत्रांत फार दम लागला नाही. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन झाली, 14 अंकी नंबर पाकिटावर छापला. घटकांच्या रकान्यात एकच शब्द: चिकू. हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच, तारखा, एमआरपी, पत्ता. "साखर घातलेली नाही" एवढंच लिहिलंय. दिवाळीच्या प्रदर्शनात एक आजोबा विचारत होते, "मधुमेहाला चालेल ना?" नाही आजोबा, पाणी गेलं तरी फळातली साखर तिथेच आहे, उलट घासागणिक जास्त. त्यांनी घेतलं नाही, सुनेने नातवासाठी घेतलं.

किमतीवरून मात्र दर वेळी तेच. साल-बिया काढून पाच किलो चिकूच्या किलोभर फोडी होतात, म्हणजे बाजारभाव काहीही असो, विजेआधीच त्याची पाचपट. बारा तास ड्रायर पूर्ण ताकदीने चालला तर सहा युनिट. "एवढ्याशा पाकिटाला एवढे?" यावर बोलणं सोडून दिलं. स्टॉलवर 100 ग्रॅमच्या पाकिटाशेजारी अर्धा किलो ताजे चिकू मांडून ठेवते. लोक एकदा ढिगाकडे बघतात, एकदा पाकिटाकडे, आणि पुढचा प्रश्न येतो तो चवीचा. चवीची फोड तयार असतेच.

पुढे बरक्या फणसाचा रस काढून फणसपोळी याच ड्रायरवर बघायची आहे. काप्याचे तळलेले गरे नकोत, पुन्हा कढई नको. त्याआधी फोडींची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं पाणी किती मोकळं आहे त्याचं माप, मोजून हवी आहे. 0.6 च्या खाली असली तर बुरशीची चिंता मिटते, वजनाचा हिशेब तिथवर पोचतो का ते बघायचंय. बोरिवली-ठाणे पट्ट्यात कुणाकडे मीटर असेल तर सांगा, फोडी घेऊन मी येते.