इम्प्लांटवरचं अस्तर: एडीएम कसं रुजतं आणि कधी रुजत नाही

स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेत सर्जन ‘एडीएम (acellular dermal matrix, म्हणजे पेशीविरहित त्वचेचा तुकडा) लावू’ म्हणतात, तेव्हा बहुतेकींना ती इम्प्लांट धरून ठेवणारी एखादी जाळी वाटते. धरून ठेवायचं काम ते करतंच, पण मुळात ती त्वचा असते. मानवी दात्याच्या, डुकराच्या किंवा गाईगुरांच्या त्वचेतल्या पेशी काढून टाकल्यावर उरलेला हा कोलाजेनचा सांगाडा, साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीचा. पेशी नाहीत म्हणून शरीर त्याला सहसा नाकारत नाही. पण त्याच कारणाने त्यात रक्तही नसतं. लावलं त्या दिवशी ते निर्जीव असतं. शेजारच्या जिवंत ऊतीतून बारीक रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरल्या, तरच पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत ते तुमच्या अंगाचं होतं. (कोणाच्या त्वचेपासून बनलंय याला तुमच्या श्रद्धेत महत्त्व असेल, तर ते शस्त्रक्रियेआधीच विचारा. हा प्रश्न अगदी रास्त आहे.)

२००५ मध्ये ब्रुइंग आणि वॉरन यांनी इम्प्लांटच्या खालच्या-बाहेरच्या भागाला ॲलोडर्मची (मानवी त्वचेपासून बनलेल्या एका एडीएमची) झोळी लावण्याची पद्धत मांडली. छातीचा स्नायू इम्प्लांटचा वरचा भाग झाकतो. खाली तो पुरत नाही, तिथे हे अस्तर येतं. हल्ली इम्प्लांट स्नायूच्या वर, थेट त्वचेखाली ठेवायची पद्धतही रुळली आहे. त्यात हात हलवताना स्तन आक्रसल्यासारखा दिसत नाही, पण इम्प्लांटचा पुढचा भाग, काही वेळा संपूर्ण इम्प्लांट, एडीएमने झाकावा लागतो. त्वचा पातळ उरली असेल, तर वरून सुरकुत्या दिसतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा उघडला की तो उत्पादनाच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवतात किंवा खळबळून घेतात. हाताळण्याआधी हातमोजे बदलतात आणि रुग्णाच्या उघड्या कातडीला तुकडा लागू देत नाहीत, कारण निर्जीव ऊतीवर बसलेल्या जंतूंशी लढायला तिथे पांढऱ्या पेशी पोचलेल्याच नसतात. मानवी त्वचेच्या तुकड्याला दोन वेगळ्या बाजू असतात. दोन्हींवर रक्ताचा थेंब टाकून सलाईनने धुतला, की एक बाजू लालसर राहते आणि दुसरी जवळजवळ स्वच्छ होते. रक्त शोषणारी लाल बाजू वरच्या त्वचेकडे यायला हवी, कारण जीव तिकडूनच येणार असतो.

मग विरघळणाऱ्या टाक्यांनी, बहुधा २-० किंवा ३-० जाडीच्या, तुकडा खाली स्तनाच्या घडीला, बाजूला छातीच्या भिंतीला आणि वर स्नायूच्या सुटलेल्या कडेला शिवतात. तो ताणून, सपाट बसला पाहिजे. दुमड पडली तर आतला थर त्वचेला टेकतच नाही. तो तसाच राहतो आणि पुढे बोटाला गाठीसारखा लागतो. तुकड्याला छोटी भोकं किंवा चिरा असतील, तर मधलं पाणी साचून न राहता ड्रेनकडे, म्हणजे ते बाहेर काढणाऱ्या नळीकडे जातं.

ड्रेन सगळ्यांनाच नकोसा वाटतो, पण रुजण्याचं निम्मं श्रेय त्याचंच. त्वचा आणि एडीएम यांच्यामध्ये पाणी साचलं, तर रक्तवाहिन्यांना पलीकडे जायला वाटच उरत नाही. या साचलेल्या पाण्याला सिरोमा म्हणतात, आणि संसर्गाची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते. नळीतून येणारं पाणी सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावरच नळी काढायची, हा बहुतेक ठिकाणचा नियम. मोजमाप रोज ठरलेल्या वेळी करा आणि प्रत्येक नळीचं वेगळं लिहा. नळीत गुठळी अडकली तरी आकडा कमी येतो. म्हणून तो एकदम उतरला, तर आनंदण्याआधी नळी तपासा. खांद्याच्या वर हात नेणं आणि वजन उचलणं पहिले चार ते सहा आठवडे बंद असतं, तेही याच कारणाने: थर एकमेकांवर घसरले की नुकत्याच जुळलेल्या वाहिन्या तुटतात.

सगळ्यात मोठा घात वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी पडल्याने होतो. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, आधी झालेलं रेडिएशन आणि हट्टाने बसवलेला मोठा इम्प्लांट ही त्याची नेहमीची कारणं. तंबाखू निदान चार आठवडे आधी सोडायलाच हवी. त्वचेबद्दल शंका वाटली, तर एक्सपांडर (इम्प्लांटआधी ठेवायची, फुगवता येणारी तात्पुरती पिशवी) रिकामा किंवा अर्धवट भरलेला ठेवून जखम भरल्यावर हळूहळू सलाईन भरतात. शुद्धीवर आल्यावर छाती सपाट दिसली म्हणून खचू नका. माझ्या मते त्या दिवशी सर्जनने घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय असतो.

एडीएम लावलेल्या भागावरच लाली आली, पण ताप नाही, कढत लागत नाही, दुखणं वाढत नाही, तर ती ‘रेड ब्रेस्ट’ असू शकते आणि आपोआप ओसरते. पण हे तुम्ही घरी ठरवू नका. लाली पसरतेय, थंडी वाजतेय, ड्रेनमधलं पाणी गढूळ झालंय, असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. न रुजलेला, पाण्यात तरंगणारा तुकडा संसर्गात सापडला, की प्रतिजैविक तिथवर पोचत नाही. तो काढावाच लागतो, कधीकधी इम्प्लांटसकट.

अस्तराला रक्ताळलेली ऊती टेकली पाहिजे, हा नियम दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत अधिक कडक होतो. इम्प्लांटभोवती शरीर व्रणाची पिशवी बनवतं, तिला कॅप्सूल म्हणतात. ती आवळून स्तन कडक, वेडावाकडा झाला, की बेकर श्रेणीत (कॅप्सूल किती आवळली हे मोजणाऱ्या चार पायऱ्यांत) तो तिसऱ्या पायरीवर जातो. दुखूही लागला की चौथ्या. मग कॅप्सूल काढून इम्प्लांट बदलतात, बहुतेकदा जागाही बदलतात आणि एडीएमचं नवं अस्तर देतात. इम्प्लांट खाली घसरला असेल, तर कॅप्सूल टाक्यांनी आखडून त्या टाक्यांवर एडीएमचा आधार देतात. नुसते टाके वजनाने पुन्हा सैलावतात. पण जुन्या कॅप्सूलचा गुळगुळीत पृष्ठभाग हा व्रणच असतो, रक्ताने गरीब. त्यावर तुकडा तसाच चिकटवला तर रुजायला कठीण. म्हणून जिथे अस्तर येणार तिथली कॅप्सूल काढून किंवा खरवडून खाली रक्ताळलेली ऊती उघडी करावी लागते. दुरुस्तीचा सल्ला घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

फक्त सुरकुत्यांसाठी पोट-मांडीची चरबी त्वचेखाली भरणं पुष्कळदा पुरतं. मात्र भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा भरावी लागू शकते. एकाच जागी फार ओतली तर मधली चरबी मरते आणि गाठ होते.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) कळवलं होतं, की इम्प्लांटच्या पुनर्रचनेसाठी म्हणून त्यांनी कुठल्याच एडीएमला खास मंजुरी दिलेली नाही, आणि काही उत्पादनांत गुंतागुंत इतरांपेक्षा जास्त दिसते. सगळे तुकडे सारखे नसतात, म्हणून तुमच्या अंगात कोणता आहे हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. पाकिटावरच्या स्टिकरवर नाव, आकार आणि लॉट क्रमांक असतो. त्याची एक प्रत इम्प्लांटच्या कार्डाबरोबर मागून घ्या आणि पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआयला जाताना सोबत न्या. न रुजलेली घडी तपासणीत नव्या गाठीसारखी दिसू शकते, आणि तिथे एडीएम आहे हे फिल्म वाचणाऱ्याला आधी कळलेलं बरं.