तुम्ही विचारलंत म्हणून: किती देते?

ठाण्यात मानपाड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातून, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आईच्या फिजिओथेरपीच्या बाकावर, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो: "नॅनो किती देते?" आणि लगेच दुसरा: "मग ही काढून सीएनजी का नाही घेत? की आता इलेक्ट्रिकच?" परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी चहाला आल्या आणि कागद-पेन घेऊनच बसल्या. त्यांना खरंच गाडी घ्यायची आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते.

माझी नॅनो 2012 ची. डॅशबोर्डच्या खणात एक वही असते. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर. टाकी गच्च भरायची, पुढच्या वेळी पुन्हा गच्च भरायची, मधल्या किलोमीटरना तेवढ्या लिटरने भागायचं. नॅनोचं इंजिन मागे आणि पेट्रोलचं तोंड पुढच्या बॉनेटखाली. पंपावर नवा पोरगा असला की नळी घेऊन आधी मागे जातो, मग दोन्ही बाजू बघतो. तोवर मी उतरून बॉनेट उचललेलं असतं. आत स्टेपनीशेजारी ते झाकण. पंधरा लिटरची टाकी, त्यामुळे वहीतल्या नोंदी भरपूर आहेत.

2009 मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा कागदावरचा आकडा लिटरला 23.6 होता. माझ्या वहीत तो कधीच नाही. रविवारी पहाटे ऐरोली पुलावरून वाशीला मावशीकडे जाऊन आलं की 21 मिळतात. पावसाळ्यात, कापूरबावडी ते माजिवडा रांगेत उभं राहून, एसी लावून नौपाड्याला जायचं तर 15. वर्षाची सरासरी 18. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून काढतात, तिथे घोडबंदर रोड नसतो. उभ्या गाडीचं इंजिन पेट्रोल पितच असतं आणि किलोमीटर मात्र शून्य. तिथे 624 सीसीच्या चिमुकल्या इंजिनाचा फायदा एवढाच, की उभं असताना ते कमी पितं. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. वहीतला आकडा त्यामुळे एखाद किलोमीटरने खाली आलाय. माझी गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही, म्हणून दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप बघायला सांगते. जुनी गाडी असेल तर तुम्हीही सांगा.

आता सीएनजी. हिशेबापुरतं पेट्रोल 104 रुपये लिटर आणि सीएनजी 80 रुपये किलो धरू. वॅगनआर सीएनजीचा कागदावरचा आकडा किलोला 34.05. आपल्या रस्त्यांवर 25 धरा, जास्त मिळाले तर आनंद. म्हणजे सीएनजीला किलोमीटरमागे 3 रुपये 20 पैसे, आणि लिटरला 18 देणाऱ्या पेट्रोल गाडीला 5 रुपये 80 पैसे. फरक 2 रुपये 60 पैशांचा. ऐकायला मोठा वाटतो. पण मी ऑफिसला रबाळ्याला कंपनीच्या बसने जाते, माझी गाडी महिन्याला जेमतेम 400 किलोमीटर चालते. बचत हजाराच्या आसपास, वर्षाला साडेबारा हजार. नव्या गाडीचा विमाच त्याहून जास्त भरावा लागेल. सहा-सात लाख घालून मी वर्षाला साडेबारा हजार वाचवू?

म्हणून वहिनींना म्हटलं, "किती देते" नंतर विचारा, आधी "किती चालणार" ते सांगा. दादा रोज तुर्भ्याला जातात. जाऊन-येऊन पन्नास, महिन्याचे साडेबाराशे. त्यांची वर्षाची बचत 39,000 च्या घरात. त्याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा सीएनजीला नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त पडतात, ते अडीच वर्षांत वसूल. माझ्या चारशे किलोमीटरला तेच वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील. गाडी तीच, रस्ता तोच, तरी उत्तर वेगळं.

सीएनजीच्या रांगेचाही हिशेब धरायला हवा. कंपनीच्या बसमधले सहकारी रात्री दहानंतर भरायला जातात, आणि "प्रेशर नाही" म्हणून सिलिंडर अर्धाच भरून परततात. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला गाडीत बसवायचं म्हणजे आधी पाठ सीटकडे, मग हळूच टेकायचं, मग एकेक पाय हाताने आत घ्यायचा. हे सगळं भर रांगेत, मागचे हॉर्न वाजवत असताना, मी तिला करायला लावणार नाही. शिवाय सिलिंडरने डिकी गेली तर वॉकर कुठे ठेवायचा? टाटांनी टियागोत दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून जागा वाचवली आहे, ते मला पटलं. घरात वयस्कर माणूस असेल तर शोरूममध्ये वॉकर घेऊनच जा आणि डिकीत ठेवून बघा.

हायब्रिडबद्दलही, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीबद्दल, विचारतात. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचा कागदावरचा आकडा 27.97 आहे, आणि तुंबलेल्या रस्त्यात इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकणं हा आपल्या घोडबंदरला खरा उपाय आहे. पण नॅनोवरून विचार करणाऱ्या माणसाला ती किंमत झेपणारी नाही. तो विषय तिथेच संपतो.

"मग सेकंडहँड नॅनो मिळाली तर घेऊ?" हा तिसरा प्रश्न. घरात लहान मुलं असतील तर माझं उत्तर "नाही". ही गाडी मला जिवापाड प्रिय आहे. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं कुटुंब बघून रतन टाटांना ही सुचली, 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत त्यांनी ती दाखवली, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर सगळे उभे राहिले होते, कारण आम्हीही एका स्कूटरवर चौघं बसायचो. पण 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. त्या वेळच्या इतरही काही लहान गाड्यांना शून्यच मिळाले होते, पण त्यामुळे धोका काही कमी होत नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. मी ती एक्सप्रेसवेवर नेत नाही, मुंब्रा बायपासला कंटेनरच्या रांगेतही घालत नाही. आजच्या अल्टो, सेलेरिओमध्ये सहा एअरबॅग येतात. नवी घेणाऱ्याने चार पैशांच्या पेट्रोलसाठी हे सोडू नये.

माझ्या नॅनोच्या आरसीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतात. तेव्हा पुनर्नोंदणी करायची की बदलायची हे ठरवावं लागेल, आणि माझा कल इलेक्ट्रिककडे आहे. एमजीची तीन मीटरहून लहान इलेक्ट्रिक कॉमेट नॅनोच्या जागेत सहज मावते, पण दोनच दारं असल्याने मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागते. तेव्हा इलेक्ट्रिक टियागो. युनिटला सात किलोमीटर आणि युनिटचे अकरा रुपये धरले तरी किलोमीटरमागे 1 रुपया 60 पैसे, म्हणजे सीएनजीच्या निम्मे. साडेबाराशे किलोमीटर चालणाऱ्या दादांना तर हे माझ्याहून जास्त परवडेल. अट एकच, चार्जिंग आपल्या पार्किंगमध्ये हवं. ते नसेल तर वहिनी, तुम्ही डोळे मिटून सीएनजी घ्या.

त्यासाठीच गेल्या शनिवारी वायरमनला बोलावलं होतं. मीटररूमपासून पार्किंगमधल्या माझ्या खांबापर्यंत त्याने टेप धरून मोजलं, 42 मीटर भरले. वायर वरच्या ट्रेमधून नेता येईल म्हणाला, कुठे फोडावं लागणार नाही. येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे, अर्ज मी लिहून ठेवलाय. वहिनी, तुमचा खांब माझ्या शेजारचाच. दादांची सही घेऊन या, दोघींचा अर्ज एकत्रच देऊ.