बदनापूरच्या टपरीवर 4 जून 2024

लोकसभेचा निकाल बघत सकाळपासून टीव्हीपुढं बसून होतो. भाजपच्या एनडीएचा आकडा बहुमताच्या 272 च्या पुढं सरकला अन् मन खट्टू झालं. दिल्लीत पुन्हा तेच. टीव्ही बंद केला, बदनापूरला चौकात चहाला गेलो (ऊन असं की चहा नकोच वाटावा).

तिथं वेगळाच गलका. आमच्या जालना मतदारसंघातून 1999 पासून सलग पाच वेळा निवडून आलेले भाजपचे रावसाहेब दानवे मागं! 2009 ला त्यांच्याकडूनच थोडक्यात हरलेले काँग्रेसचे कल्याण काळे यंदा लाखाच्या वर मतांनी पुढं. मराठवाड्यात 8 पैकी 7 जागा महाविकास आघाडीच्या.

टपरीवाले काका म्हणले, "कापसाचा भाव बोलला बघा."

मराठा आरक्षणाचा प्रश्नही बोललाच होता, पण काकांशी कोण वाद घालणार? दुसरा चहा सांगितला. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.