बूट, जाकीट आणि सहाशे ग्रॅम

लेक तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांची होती. पहिल्या वाढदिवसापर्यंत समोर येईल ते गट्टम करायची, नंतर हळूहळू तोंडच उघडेना. घास घेतला तरी गालात धरून ठेवायची आणि अर्ध्या तासाने, खेळता खेळता, तोच पांढरट लगदा माझ्या तळहातावर आणून द्यायची. चिऊचा झाला, काऊचा झाला, मोबाईलवरची गाणी झाली. एकेक जेवण सव्वा तास चालायचं.

पुढे हे बरंचसं सुटलं, ते सांगतोच. पण आधी वजनकाट्याचं, कारण तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वाढदिवसाच्या तपासणीत वजन भरलं ११.३ किलो. भूक अगदीच गेली म्हणून दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. दोन तास बसलो. आत गेल्यावर काट्यावर १०.७. डॉक्टरांनी चिठ्ठीकडे पाहिलं, जुन्या आकड्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणाले, "वजन घटतंय." भुकेचं सिरप लिहून दिलं आणि चार मिनिटांत आम्ही बाहेर. फाईलमध्ये वाढीच्या आलेखाचं पान होतं, त्यावर जन्माचा एकच ठिपका. "हे भरायचं का?" असं मी विचारलंही. "पुढच्या वेळी बघू."

"वजन घटतंय" हे दोन शब्द घरात शिरले की काय होतं ते ज्याच्या घरात शिरलेत त्यालाच कळेल. पुढचे पंधरा दिवस आम्ही तिला अक्षरशः कोंबलं. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने चमचा. शेवटी शेवटी नुसतं लाळेरं दिसलं तरी ती रडायला लागायची. त्यात ते सिरप. चार दिवसांनी बाटलीवरचं वाचलं तर ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध. त्याने भूक वाढते हे खरं, पण झोपही येते आणि बंद केलं की वाढलेली भूकही बहुधा ओसरते. आमची लेक तर संध्याकाळच्या जेवणाआधीच पेंगायची, म्हणजे होता तोही घास गेला.

एका रात्री एक वाजता बायकोने मला हलवून उठवलं. हातात मोबाईल, त्यात वाढदिवसाच्या तपासणीचा फोटो. लेक काट्यावर उभी: पायात बूट, अंगात जाकीट, काखेत बाहुली. दुसऱ्या दवाखान्यात मात्र फक्त बंडी आणि चड्डी होती. सकाळी तिन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. ५८० ग्रॅम!

मी जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, "थोडं इकडेतिकडे होतंच." थोडं? अकरा किलोच्या पोरीत सहाशे ग्रॅम म्हणजे माझ्या पासष्ट किलोत साडेतीन किलो.

मग तिसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी बंडीवर वजन घेतलं आणि लसीच्या कार्डावरचे जुने आकडे शोधून आलेखावर ठिपके टाकले. रेघ मधल्या रेषेच्या किंचित खालून, पण तिला समांतर चढत होती. म्हणाल्या, पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरतो, मग भूकही उतरते. हे मला सहा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर!

पण त्यांनी एक प्रश्नही विचारला, जो आधी कुणीच विचारला नव्हता: "दूध किती पिते?" बाटल्या मोजल्या, रात्रीची धरून जवळजवळ एक लिटर. या वयाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. दुधाने पोट भरतं. त्यात लोह नगण्य, शिवाय इतर अन्नातलं लोह शोषू देत नाही. लोह कमी झालं की भूक मरते, आणि भूक मेली की आम्ही आणखी दूध पाजायचो. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, या वयात निदान ११ हवं.

लोहाचे थेंब सुरू केले. शी काळी होते, घाबरू नका. दुधासोबत देऊ नका. संत्र्याच्या रसासोबत दिले तर चांगले लागू पडतात. दातांवर डाग पडतात, म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडा. महिन्याभरात आकडा सुधारला तरी बंद करायचे नाहीत, शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. बाटली सोडवली. आठ दिवस रडारड झाली, संपलं.

जेवणाचं म्हणाल तर दोन खाण्यांत तीन तासांचं अंतर ठेवलं, मध्ये फक्त पाणी. पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, तोंडातून एक शब्द न काढता (मला हे सगळ्यात जड गेलं). काय आणि कधी ते आम्ही ठरवायचं, किती ते तिने. वाढायचंही एकेका पदार्थाचे दोनच चमचे. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आला तर कुठे ती हात लावायची.

हे वर लिहायला हवं होतं: शी कडक होत असेल तर आधी तिकडे बघा, पोट साफ नसेल तर मूल खात नाही. आणि त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन खरंच उतरत असेल, आलेखावरची रेघ खाली घसरत असेल, उलट्या, ताप, गिळताना ठसका किंवा मरगळ असेल, तर घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका.

परवा पुन्हा वजन केलं. मी खाली बसून बूट काढायला लागलो, तर काट्यावरच्या ताई म्हणाल्या, "असू द्या हो, घाई आहे." मी बूट काढले, जाकीट काढलं, बाहुली खिशात घातली. १२.४.