पणजीत धावताना: आबे फारिया आणि एका आजींचा उंबरठा

पणजीतली रस्त्यावरची कला बघायची असेल तर धावत बघावी, या मताची मी आहे. गाडीतून सगळं निसटतं, चालत गेलं तर ऊन गाठतं. आत्याचं घर माळ्याला, मारुतीच्या देवळाखाली. उजाडता उजाडता निघायचं, रुअ द ओरेंवरून खाडीकडेने मांडवीवर यायचं आणि मग पाय नेतील तिकडे. शहर एवढं आटोपशीर आहे की नकाशा लागत नाही.

जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियांचा पुतळा आहे. पुढे झुकलेला पाद्री, पसरलेले पंजे आणि त्याच्यापुढे मागे कलंडत चाललेली बाई. मी त्याच्याभोवती सावकाश फेऱ्या मारल्या. एका बाजूने वाटतं, हा माणूस तिच्यावर चालून जातोय. चार पावलं पुढे गेलं की वाटतं, नाही, तो तिला पडताना सावरतोय. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि त्या काळच्या समजाविरुद्ध ठामपणे सांगितलं की, संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही चुंबकशक्ती नसते. जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. शिल्पकार मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. म्हणजे शहरात गोवा जिंकणारा पोर्तुगीज अल्बुकर्क आणि दर्यावर्दी वास्को द गामा चौथऱ्यांवर विराजमान असताना एका गोंयकाराने दुसऱ्या गोंयकाराला ब्राँझमध्ये उभं केलं. मला हे फार मोठं वाटतं. समोरच्या धक्क्यावरून कसिनोतून रात्र काढून आलेली माणसं टॅक्सी शोधत होती. त्यांच्यापैकी एकानेही मान वळवून पाहिलं नाही.

बाकीचे दोघे आता जागेवर नाहीत. चर्चसमोरच्या बागेतल्या ज्या खांबावर वास्को द गामा होता, तिथे आता अशोकाचे सिंह आहेत. आझाद मैदानातल्या खांबांच्या मंडपातून अल्बुकर्क हलला, तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. धावताना या दोन जागा काही मिनिटांच्या अंतराने लागतात आणि १९६१ साली पोर्तुगीज गेल्यानंतर या शहराने कुणाला खाली उतरवलं नि कुणाला राहू दिलं, ते लगेच कळतं. फारिया राहिले.

बाजारात भाजीच्या जुड्या सुटत होत्या. भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषेतली माणसं आहेत, आणि त्यांच्यासमोर तशाच टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. तिथे धावणं अशक्य, चालत फिरले. तिथून कांपालची झाडं, कला अकादमी, मिरामारची वाळू आणि परत.

परतीला फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतून यायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. पिवळ्या-निळ्या भिंती, चकचकीत फरशांवर हाताने रंगवलेल्या घरांच्या पाट्या, सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातून आलेला, डोळे उघडे असलेला ख्रिस्त याच कपेलात आहे. पण वळणावर रस्ता अडवलेला. लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं, जमिनीवर पसरलेला लाल घेर, रिफ्लेक्टर धरलेला मुलगा. एका निळ्या घराच्या पायरीवर आजी उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत होता, त्या पावाची वाट बघत होत्या. फोटोग्राफर त्यांना म्हणाला, "आंटी, दो मिनिट अंदर जाओ ना, फ्रेम में आ रहे हो."

आणि त्या आत गेल्या. काही न बोलता, सवयीने. त्या सवयीचाच मला जास्त राग आला.

पोरं मराठीत बोलत होती, आपलीच होती. मी म्हटलं, "दादा, घर त्यांचं आहे." "ताई, दोनच मिनिटं. उजेड जातोय." मग मी त्यांच्या चौकटीच्या मधोमध, रस्त्यावरच बसले आणि पोटऱ्या ताणायला लागले. धावून आलेल्या बाईला कुणी उठवत नाही. पोदेर सायकल घेऊन थांबला होता, तो माझ्या शेजारून पुढे आला आणि त्याने दारावर टकटक केली. आजींनी उंडे घेतले, पिशवीत टाकले, माझ्याकडे बघून "देव बरें करूं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

या गल्लीत जागोजागी पाट्या आहेत: घरात माणसं राहतात, आवाज करू नका, फोटो काढू नका. पावसाळा सरला की भिंती रंगवायचा खर्च तीच माणसं करतात. फारियांचा पुतळा, बाजारातल्या भिंती, बागेतला खांब ही सगळ्यांची मालमत्ता, तिथे शुकशुकाट. जे कुणाचं तरी खासगी दार आहे, तिथे रांग. गोव्याला येणाऱ्या माझ्या प्रत्येक ओळखीच्याला मी हे आता तोंडावर सांगते, वाईट वाटलं तर वाटो.

आंघोळ करून आत्याला घेऊन पुन्हा बाहेर पडले, कारण आझाद मैदानाजवळची मिनेझिस ब्रागांझा संस्था काही पहाटे उघडत नाही. दरवाजातून आत शिरलं की भिंतीभर निळी रंगवलेली फरशी: झोर्झे कोलासोचं १९३५ चं काम, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. जहाजं, लाटा, दर्यावर्दी, देवदेवता. विजेत्यांची बाजू आहे ती, आणि तरीही हात इतका कसबी की मी एका लाटेपाशी बराच वेळ रेंगाळले. "हा कामोंइश गोव्यात आला होता का?" आत्याने विचारलं. म्हटलं, १५५३ मध्ये.

"इतकी वर्षं या रस्त्यावरून बाजाराला जाते," आत्या म्हणाली, "आणि आत यायला कुणी सांगितलंच नाही." दालनात आम्ही दोघीच होतो. तिने चष्मा पुसला आणि पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात केली.