जुळ्या बहिणी आणि मोबाइलवरचा रिपोर्ट

"मॅडम, ताईचं दुखणं मला होणार का, तेवढं सांगा," म्हणत धाकटीने मोबाइल पुढे केला. दोघी एकसारख्या जुळ्या. थोरलीला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. धाकटीचा एकेक सांधा मी दाबून पाहिला. ना सूज, ना दुखणं.

मोबाइलवर नवऱ्याने ऑनलाइन मागवलेल्या लाळेच्या जीन टेस्टचा रिपोर्ट. लाल अक्षरांत : इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा संदेश पेशीत घेणाऱ्या रिसेप्टरच्या ईएसआर-१ जीनमध्ये बदल, धोका जास्त. हा बदल पहिल्या इंट्रॉनमधला, म्हणजे प्रथिन बनण्याआधीच छाटल्या जाणाऱ्या तुकड्यातला. त्याने रिसेप्टरची घडण बदलत नाही, आणि धोक्याबद्दलच्या अभ्यासांचं आपसांतच जमत नाही. ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम, त्या एचएलए-डीआरबी-१ या प्रतिकारशक्तीच्या जीनचा रिपोर्टात पत्ताच नाही! पैसे मात्र पुरते घेतलेले.

बरं, थोरलीचे जीनही तेच. एकसारख्या जुळ्यांत एकीला हा आजार असला, तरी दुसरीला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के. हे ऐकून धाकटीचा जीव भांड्यात पडला, थोरली मात्र म्हणाली, "मग मलाच का?"

हार्मोन्सचा संबंध नाही असंही म्हणवत नाही. बायकांत हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट. गरोदरपणात सांधे निवळतात हे फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्येच नोंदवलं. त्याच धाग्याने पुढे कॉर्टिझोन हे स्टेरॉइड औषध आणि १९५० चं नोबेल. थोरलीचंही तसंच. दिवस गेले तेव्हा एकदम बरी, बाळंतपणानंतर दीड महिन्यात बाळाचं लंगोट बांधता येईना. मग कुणीतरी दिलेल्या पुड्या. गुण लगेच आला. माझ्याकडे आली तेव्हा चेहरा गोल सुजलेला. पुडीत स्टेरॉइड असणार, ते आम्हाला न तपासता कळतं.

धाकटीचा खरा प्रश्न शेवटी निघाला : "आम्ही चान्स घेऊ की नको?" जरूर घ्या, म्हटलं. पण तिला अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची रक्ततपासणी, करून हवी होती. ती लक्षणांच्या कित्येक वर्षं आधीही पॉझिटिव्ह येऊ शकते. आली तर? सांधे धड असलेल्या, मूल हवं असलेल्या बाईला मी मेथोट्रेक्सेट, या आजाराचं पण गर्भाला घातक औषध, थोडीच देणार? आमचे एक सहकारी म्हणतात, "लिहून टाकायची, पेशंटचा हक्क आहे." पुढचं समजावत बसायला ते नसतात.

मी लिहिली नाही. सकाळी बोटं आखडायला लागली तर लगेच या, एवढं बजावलं. कोपऱ्यावरच्या लॅबला माझी चिठ्ठी लागत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. केली असेल तर थोरलीच्या पुढच्या तारखेला रिपोर्ट टेबलावर येईलच.